गृहपाठ

पहिल्या दिवशी बोरस्ते मॅडमनी हातात खडू दिला:
अवयवांची नावं लिहा. मराठीत.
मग मोठ्यानं वाचा.
कॅनडा कॉर्नरवरचा हॉल, आम्ही चौदा जण.
फळ्यावर निम्मे शब्द संस्कृत, निम्मे शिव्या.
मधलं काहीच नाही.
खिडकी लावायला मी उठले.
"उघडी राहू दे," मॅडम म्हणाल्या.

आठव्या महिन्यात माझी पहिली केस.
फाइलीत नाव बदलायचं असतं, म्हणून मधुसूदन.
नोट प्रेसमध्ये बावीस वर्षं, मोजणीला.
शेजारी बायको, मांडीवर पर्स ढालीसारखी.
तो आकड्यांत सांगत राहिला:
किती मिनिटं, किती महिने, कितीच्या गोळ्या.
ती पंख्याकडे बघत होती.

शिकवलं होतं तसंच मी सांगितलं:
पंधरा दिवस संबंध बंद.
रोज रात्री नुसता हात, कोपरापासून बोटांपर्यंत.
आधी तुम्ही, मग त्या.
कुठंही पोचायचं नाही.

"मग मोजायचं काय?"
चेष्टा नव्हती. खरंच विचारत होता.
मला उत्तर सुचेना. गप्प बसले.
टेपवर ते एकोणीस सेकंद भरले,
मॅडमनी नंतर मोजले.

विसाव्याला ती बोलली,
माझ्याशी नाही, त्याच्या हातांशी:
"नोटांनी बोटं किती कोरडी पडलीत यांची.
आधी तेल लावते मी.
मग काय ते."

त्यानं बोटं उलटीसुलटी करून पाहिली,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

प्रगतीच्या रकान्यात मी लिहिलं: खोबरेल.
मॅडमनी ते खोडलं नाही.