बिल्ल्यांचा फळा

एकतीस वर्षं मी खाणीचा पाळणा चालवला,
ऑस्ट्राव्हाला. आठशे मीटर खाली, आठशे वर.
उतरणाऱ्याचा पितळी बिल्ला खिळ्यावर,
वर आला की ज्याचा त्याच्या हातात.
फळा रिकामा झाला की मी कॉफी प्यायचो.

आज मी डाव्या कुशीवर.
काल रात्री चार लिटर खारट-गोड पाणी,
आणि त्याबरोबर उरलीसुरली लाजही वाहून गेलेली.
गुंगीचं इंजेक्शन नको म्हटलं.
डॉक्टर श्टेफ्कोव्हा, माझ्या नातीच्या वयाची,
पडदा माझ्याकडे वळवते. बघणार का, कालेटा?

गुलाबी, ओला बोगदा.
एकही टेकू नाही, तरी उभा.

या भिंतीत बारीक विहिरी आहेत, ती सांगते, लाखो.
तळाशी पेशी जन्मते, मागच्यांच्या रेट्याने चढते,
चार-पाच दिवसांत काठाशी येते
आणि गळून जाते. पाळी संपली.
(हिला पाळणा कोणी शिकवला?)

मग कधीतरी एखादीच्या वहीत
एक अक्षर चुकीचं उतरतं.
ती वर येते आणि जात नाही.
दंगा नाही, दांडगाई नाही. नुसती थांबते.
तिच्या लेकी तिच्यासारख्याच,
दिवसपाळी, रात्रपाळी, रजा नाही.
काठावर गर्दी होते, गर्दीचा उंचवटा,
वरून सरकणारा रोजचा माल त्याला ओढत राहतो
आणि सावकाश त्याला देठ येतो.

किती दिवसांत?
दिवस? आठ-दहा वर्षं.

म्हणजे हेडविका होती तेव्हा.
ती ओट्याशी आलुबुखारातल्या बिया काढत होती,
मी म्हणत होतो, मला कुठे काय होतंय,
आणि आत कोणीतरी पहिल्यांदाच
घरी जायचं विसरत होतं.

बारा मिलिमीटर. जेमतेम एक तुती.
तारेचा फास देठाभोवती बसतो, आवळतो.
दुखत नाही. त्या भिंतीला कापलेलं कळतच नाही.
हे मला आवडलं नाही.

निरुपद्रवी आहे, ती म्हणते. अजून.
ट्रॅममध्ये पूर्ण वेळ माझ्या शेजारी
तो "अजून" बसून होता.

खाणीत एक बिल्ला उरला की कोणी बोलायचं नाही.
एकदाच उरला. सातशे बारा. नाव सांगत नाही.
इथला हिशेब उलटा:
खाली कोणी राहिलं नव्हतं,
वर आलेलंच कोणी गेलं नव्हतं.

तीन वर्षांनी परत या, असा कागद दिलाय.
दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.
मग कॉफी ठेवली.