पाहुण्या संशोधक

हजेरीपटात नाव लिहू नका, म्हणाली,
भाऊ अजून तिकडंच आहे.
मी रकान्यात 'पाहुण्या संशोधक' लिहिलं,
साहेबांनी सही केली, तारीख टाकली नाही.

हेरातजवळचे सात कारेज तिनं मोजले होते,
जमिनीखालून पाणी कुठवर चालतं ते.
वह्या तंदुरात गेल्या. आईनंच घातल्या,
दारावर थाप पडायच्या आत.

बेगमपुऱ्यात हुरमतबी तिला ज्वारीची भाकर शिकवते,
कुणी विचारलं तर सांगते, भाची आहे, परभणीची.
भाचीला दखनी येत नाही.
गल्ली काही बोलत नाही.

काल नहरीच्या बंबाला कान लावून
बसली कितीतरी वेळ.
मग हात पुढं केला: वही.
माझ्याकडं हजेरीपटच होता.
मागली पानं कोरी होती,
फाडली.