तिसरा शनिवार, ऐरोली

पहिल्या महिन्यात आम्ही चौघं होतो,
त्यातला चौथा वॉचमन.
लालचंद कुलूप लावायला आला आणि बसला,
कारण पंखा चालू होता.

जागा: दातांच्या दवाखान्यावर, घैसास सरांचे क्लासेस.
सर म्हणाले, खुशाल वापरा,
फक्त फळ्यावरचा पायथागोरस पुसू नका,
सोमवारी लागतो.
म्हणून त्याच्या शेजारी उरलेल्या हातभर जागेत
मी लिहिलं: आजचा विषय, डेटाबेस का रुसतो.
शेवटी एकच प्रश्न आला, लालचंदचा:
रुसला तर मनवायचं कोणी?

दुसऱ्या महिन्यात बत्तीस जणांनी येतो म्हणून कळवलं.
मी बत्तीस समोसे आणले.
त्या संध्याकाळी जे गणित कळलं
ते सरांच्या क्लासात शिकवत नाहीत:
'येतो' म्हणजे तिसरा हिस्सा,
'नक्की येतो' म्हणजे चौथा,
आणि जे काहीच कळवत नाहीत
ते वेळेआधी जिन्यात उभे असतात.

नवरा म्हणाला, यातून तुला मिळतं काय?
मी म्हटलं, समोसे.
तेव्हा खरंच तेवढंच मिळत होतं.

दिवसा आम्ही सगळे ठाणे-बेलापूर रोडवरच्या काचांमागे.
गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोत कुणी दुसरंच.
एकाच कँटीनमध्ये सहा वर्षं जेवलेल्या दोघांची
ओळख झाली ती इथे,
डुगडुगत्या बाकावर,
ॲडॉप्टर आहे का कुणाकडे, या प्रश्नावर.

ॲडॉप्टर. त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.
प्रोजेक्टरचं तोंड एकीकडे, लॅपटॉपचं दुसरीकडे,
आणि मधला तो बोटभर तुकडा
कायम त्याच्याकडे, जो आज आलेला नाही.

नवव्या महिन्यात वक्ताच आला नाही.
एकोणीस माणसं, पांढरा पडदा,
खिडकीतून खाडीच्या चिखलाचा वास.
मी विचारलं, कुणाला काही बोलायचंय?
पंखा बोलत राहिला.
मग शेवटच्या बाकावरून नयना भोईर उठली.
दिव्याच्या कोळीवाड्यातली, बीएस्सीचं दुसरं वर्ष,
सहा महिने येत होती, एक अक्षर न बोलता.
म्हणाली, आयचा म्हावऱ्याचा हिशोब
मी फोनात बसवलाय, पण तो दर पंधरवड्याला चुकतो.
माझा फोन तारीख मोजतो,
आय उधाण मोजते.
तिची उधारी उधाणाला फिटते, एक तारखेला नाय.

फोन हातोहात फिरला.
बँकेचे सर्व्हर सांभाळणारा इम्तियाज दळवी
बूट काढून फरशीवर बसला.
कुणी विचारलं, भांग म्हणजे काय,
कुणी म्हटलं, अमावास्या कोडमध्ये लिहायची कशी,
आणि जागा पुरेना तेव्हा
कुणीतरी पायथागोरस पुसला.
कर्णाच्या जागी चंद्र आला, वाढता, घटता.
साडेदहाला लालचंदने किल्ल्या वाजवल्या,
अकराला पुन्हा वाजवल्या,
मग स्वतःच खडू घेऊन पौर्णिमा दुरुस्त केली.

सोमवारी सरांचा फोन.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
ते म्हणाले, भांग अष्टमीच्या आसपास असते,
तुम्ही पंचमीला धरलीय.
चूक खालून चौथ्या ओळीत आहे.
आणि पुढचा शनिवार कधी?

त्यानंतर किती झाले, मोजले नाहीत.
परवा मला ऑफिसातून निघायला उशीर झाला.
पोचले तर दार उघडं, फळ्यावर भलत्याच कुणाचं अक्षर,
आत पाय ठेवायला जागा नाही.
जिन्यात उभी राहिले.
पायरीवरचा एक मुलगा सरकला, म्हणाला,
पहिल्यांदाच का?
मी हो म्हटलं.
का म्हटलं, कुणास ठाऊक. बरं वाटलं.

तेवढ्यात आतून नयनाचा आवाज आला,
ॲडॉप्टर कुणाकडे आहे?

माझ्या पर्समध्ये होता.