नववा खुंट

पोर्वेनीरच्या रेडिओवर रोज संध्याकाळी सातला
नोल्फा ओयार्सून निरोप वाचते.
फोन जिथं पोचत नाही अशा मेंढवाड्यांसाठी,
कुंपणापलीकडच्या कुंपणांसाठी.
आवाज सगळा एका पेटीतून जातो.
ती पेटी टेबलाखाली आडवी,
आणि तिच्यातला नवा मदरबोर्ड मी बसवलेला.

"लास गार्सासच्या ओक्तावियोला.
गुरुवारी गुरांचा डॉक्टर येतोय,
कळप आत घे आणि"

निळा पडदा.
मग नुसता खर्र आवाज, सामुद्रधुनीएवढा रुंद.

आणि काय?
ओक्तावियो म्हणे तीन दिवस रेडिओजवळून हलला नाही.

मी दोन तास फेरीबोटीत ओकत पोचलो.
रॅमची पट्टी काढून खोडरबरानं
तिचे सोनेरी दात घासले.
पॉवर सप्लाय बदलला.
विंडोज पुसून पुन्हा लिहिलं,
जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर कोपऱ्याकोपऱ्यातून हाकलले,
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखे.
रात्रभर मेमरीची परीक्षा घेतली, खुर्चीतच झोपलो.
सकाळी पडद्यावर: चुका शून्य.
दिवसभर पेटी मांजरासारखी गुरगुरत राहिली.
संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
निळा पडदा.

"वीज वाईट आहे तुमची," मी म्हणालो.
नोल्फा काही बोलली नाही.
"नाहीतर हा वारा. तारा हलतात."
"वारा माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे," ती म्हणाली,
"पेटी मंगळवारपासून पडतेय."

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं मिटून
स्टुडिओत तिच्या मागे बसलो. नुसता बघत.
सातला ती आली. कोट काढला, चष्मा पुसला,
माते ओतून घेतला
आणि गरम पाण्याचा भरलेला थर्मास
वाकून पेटीवर ठेवला.
पत्र्यानं पंख्याला दाबलं,
पंख्यानं बोर्डाला दाबलं,
बोर्डानं कुणाला दाबलं ते दिसलं नाही,
पण पडदा निळा झाला.

खरं सांगतो, मला आनंद झाला.
चोर सापडला, आणि तो मी नव्हतो.
"हा थर्मास," मी बोट दाखवलं.

तिनं थर्मास उचलून मांडीवर घेतला,
कुणी पोराला नावं ठेवल्यावर घ्यावा तसा.
"सोळा वर्षं," ती म्हणाली, "मी तो इथंच ठेवते."

मग मात्र बोर्ड सोडवावा लागला.
आठ स्क्रू, आठ भोकं.
आणि खाली पत्र्यावर पितळी खुंट:
मोजले, पुन्हा मोजले.
नऊ.

जुन्या बोर्डाला त्या जागी भोक होतं.
नव्याला नाही.
मी जुनं उचललं, नवं ठेवलं,
आणि जुन्याचा एक पाय
तिथंच उभा राहिला, कुणासाठी कोण जाणे.
नव्याच्या पाठीवर त्याच्या टोकाखाली
तिळाएवढा काळा डाग.

काखेतला कळसा म्हणतात तो इतका लहान असतो.
नखानं फिरवला तरी निघाला.

मी तिला सांगितलं. लगेच नाही,
आधी उगाच तारा नीट बांधल्या,
धूळ फुंकली,
जी मी आल्याच दिवशी फुंकली होती.
मग सांगितलं.
ती हसली नाही. रागावलीही नाही.
घड्याळ बघितलं आणि माईक पुढे ओढला.

थर्मास पेटीवर. पडदा शाबूत.

"लास गार्सासच्या ओक्तावियोला:
आणि कुत्री बांधून ठेव."
गुरुवार कधीच उलटून गेला होता.
तरी वाचलं तिनं; अर्धं राहिलेलं तिच्याकडून राहत नसावं.

बाहेर वारा इतका की धक्क्यावरून निरोप आला,
आज बोट नाही.
माझा फोन खिशात होता, पितळी खुंटाशेजारी.
मी तो काढणार, तेवढ्यात:

"पुंता अरेनासच्या ऑर्फेलिया मान्सियाला.
एलिसेओ बार्रिया उद्या येतो.
बिघाड सापडला. त्याचाच होता.
जेवायला थांबू नकोस."