भेग जुनी की नवी

तुम्ही तिसरे. आधीचे दोघेही असेच आले,
पट्टी लावली, फोटो काढला, गेले.
बूट राहू द्यात, फरशी गार आहे.
बसा. कॉफी ठेवते.

ग्रोनिंगेनच्या या सपाटीवर
आमचं भांडण पाण्याशी, पिढ्यान्‌पिढ्यांचं.
वायव्येचा वारा सुटला की
बांधावर रात्री कुणी जागायचं,
हे फोक्को आजोबांनी शिकवलं होतं.
जमिनीबद्दल कुणी काही शिकवलं नाही.
ती खाली होती, एवढंच.

ऑगस्टमधली रात्र. ताटल्या पुसत होते.
वाटलं, गव्हाचं मळणीयंत्र दारावरून गेलं.
मग कपाटातला सगळा सेट
थंडीत दात वाजावेत तसा वाजला,
आणि थांबला.
कुत्रा माझ्याकडे बघत राहिला
जणू मीच काही केलं.

तीन पूर्णांक सहा, सकाळी रेडिओ म्हणाला.
तुमच्या आधीचा पोरगा म्हणाला,
जपानमध्ये एवढ्याने कुणी हातातला पेपरही खाली ठेवत नाही.
नसतील ठेवत.
तिथल्या घरांना माहीत असतं, आपण कुठे उभे आहोत.
आमच्या विटा पणजोबांच्या वेळच्या,
चिकणमातीवर बसलेल्या. बसलेल्याच.

साठ वर्षं खालून गॅस काढला.
देशभर रस्ते झाले, पूल, शाळा. व्हायलाच हवे होते.
भुसभुशीत झालं ते तीन किलोमीटर खाली,
वाजलं मात्र माझ्या स्वयंपाकघरात.
आणि लाजेची गोष्ट सांगू?
ही कॉफीही त्याच निळ्या ज्योतीवर होतेय.

इकडे या. दाराशेजारी, पेन्सिलच्या रेघा.
येल्मर पाच वर्षांचा. सहा. सात.
सात आणि आठच्या मधून गेलीय बघा ती, आडवी.
आठवीची रेघ वर सरकली.
म्हणजे माझा मुलगा
चार मिलिमीटर उंच झाला, न वाढता.
चाळिशीचा आहे तो, उट्रेख्टला असतो.
फोनवर सांगितलं तर हसला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.

तुमच्या अर्जात रकाना आहे: भेग जुनी की नवी.
रेघ जुनी आहे, असं लिहा.
तसा रकाना नाही? मग समासात लिहा.

आता विहिरी बुजवतात म्हणे, सिमेंट ओतून.
जमिनीला कुणी कळवलेलं दिसत नाही.
परवा पुन्हा ताटल्या वाजल्या. हळूच.

साखर किती?
आणि कप जरा
भिंतीपासून लांब ठेवा.