भरलेला वजा रिकामा

"ओढेल की मॅडम, चौदा हजार पौंड!"
म्हणाला ब्रायर, आणि बॉनेटवर थाप मारली
बाजारात घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी.

चोविशीतला पोरगा. त्याला काय माहीत,
मी एकतीस हंगाम बीट-साखरेच्या कारखान्यात
वजनकाट्यावर काढलेत,
नॉर्थ प्लॅट नदीच्या काठी, काचेच्या खोक्यात.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
त्यातून बीटला चिकटलेली माती वजा.
शेतकरी हसून म्हणायचे, व्हर्ना, जरा नजर वळव की.
मी कधी काटा मारला नाही,
कुणाच्या बाजूने नाही, कुणाच्या विरुद्धही नाही.

"ओढणं वेगळं," मी म्हटलं, "आणि पेलणं वेगळं."

घर आम्ही आधीच घेऊन बसलोय, इथेच चुकलं.
चाकांवरचं, बत्तीस फुटी,
परसात दोन लोखंडी पायांवर उभं,
मान अधांतरी.
फिफ्थ-व्हील म्हणतात, पाचवं चाक,
पण ते चाक नाहीच.
मागून फरपटत येणारं ओझं नव्हे हे;
हे पुढे सरकतं, ट्रकच्या पाठीवर
मागच्या आसाच्या वर हनुवटी ठेवतं,
आणि आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा
निवांत सोडून देतं.
बारा हजारांतले चोवीसशे.

निळ्या ट्रकचं दार उघडलं.
गुडघा कुरकुरला, तरी खाली बसले.
दाराच्या चौकटीत, गिऱ्हाईक वाकत नाही तिथे,
तळहाताएवढं लेबल असतं:
माणसं आणि सामान मिळून इतकंच, याहून जास्त नाही.
सोळाशे ऐंशी.
"पुढचा," मी म्हटलं.

पुढचा लाल, डिझेलचा, क्रोमने मढवलेला.
सुरू केला तर बरगड्या थरथरल्या.
तेवीसशे नव्वद.
इंजिनच एवढं जड
की दुसऱ्याचं ओझं घ्यायला जागा उरत नाही.
असे पुरुष पाहिलेत मी.

एल्डन सावलीत, टायरच्या चळतीवर बसून होता.
मी खताच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलं:
घराची हनुवटी चोवीसशे,
तिला धरणारा हुक एकशे ऐंशी,
मी एकशे अठ्ठेचाळीस,
पिकल कुत्री साठ, ती पण जेवल्यावर,
जनरेटर, पाने, ठोकळे मिळून दोनशे.
एल्डन, दोनशे पाच.

तो कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही.
"एकशे पासष्ट," म्हणाला,
"शुक्रवारीच केलं की दवाखान्यात."
ऑपरेशन झाल्यापासून पँट पट्ट्यात चुण्या पाडून बांधतो.
मी खोडलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा काटा मारला,
सरळ चाळीस पौंडांचा.
तो आकड्याकडे बघत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, "माझी मासेमारीची पेटी धरलीस?"
धरली नव्हती. पंधरा लिहिले.

अगदी मागच्या रांगेत, तारेच्या कुंपणाला लागून
एक राखाडी होता, एक-टनी,
कुणा पशुपालकाने विकलेला.
हौद्यात अजून वाळल्या गवताच्या काड्या,
डाव्या दारावर शिंगाचा असावा असा ओरखडा.
लेबल उन्हाने फिकट झालेलं,
बोट फिरवत वाचलं:
एकोणचाळीसशे एकवीस.

"हा रिकामा असला की फार उड्या मारतो मॅडम,"
ब्रायर आता खरं बोलायला लागला होता.
रिकामा कशाला असेल, मी म्हटलं.

एल्डनने मुठीला दोन्ही हातांनी धरलं,
एक पाय पायरीवर, आणि थांबला.
मी नजर वळवली,
कुंपणापलीकडे, बीटच्या रानाकडे.
दार लागल्याचा आवाज आल्यावरच
माझ्या बाजूने चढले.

घरी आणला तर गॅरेजमध्ये मावेना.
पावणेदोन फूट शेपूट बाहेर.
"बर्फ पडेल की त्याच्यावर," मी म्हटलं.
एल्डन पिकलला उतरवून घेत होता.
"बर्फ पडेपर्यंत," तो म्हणाला,
"इथे थांबतंय कोण?"