गिबी हॅलक्रोला विचारलं तर

टीव्हीवाले सहा नेले मी आजवर या बोटीतून,
सँडविकच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर.

पहिला दिसेल त्याला 'अविश्वसनीय' म्हणायचा.
सील अविश्वसनीय, शेवाळ अविश्वसनीय,
माझ्या थर्मासमधला चहासुद्धा.
(तो होताच तसा, पण चांगल्या अर्थाने नव्हे.)

दुसरा कुजबुजायचा.
भर दुपारी, इंजिन धडधडत असताना,
दोन मैलांत एकही पक्षी नसताना,
जसं काही दर्याला नुकतंच पाळण्यात निजवलंय.

तिसऱ्याला सगळं पाठ.
पक्षी यायच्या आतच
याच्या तोंडून त्याची वरात निघून गेलेली.
चौथा, पाचवा आठवत नाहीत.
एकाने गमबूट उसने नेले, ते आलेच नाहीत परत.

मग आली नेरिस प्रोबर्ट, वेल्सची.
अर्ध्या वाटेत ओकली,
समुद्राच्याच पाण्याने तोंड धुतलं
आणि विचारलं, "तुम्ही काय म्हणता हो त्याला?
पुस्तकातलं नाव नको."
म्हटलं, आलामूटी.
तीनदा चुकली.
चौथ्यांदा माझी आई म्हणायची तसं म्हणाली.

जूनमधली आमची रात्र म्हणजे
वात बारीक केलेला दिवस.
बुरूज उभा, दोन हजार वर्षांचा, बिनचुन्याचा,
आणि त्याच्या फटीफटीत
चिमणीएवढे काळे पक्षी,
एकेका अंड्यावर बसलेले.
दिवसभर गप्प. बारा वाजून गेले
की भिंत बोलायला लागते.

नेरिसने दगडाला कान लावला.
घुर्रर्र... आणि मध्येच एक उचकी.
ती दचकली, हसली,
आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं.
दिग्दर्शक लॉर्न, सतत घड्याळ बघणारा पोरगा,
म्हणाला, "पुन्हा घेऊ. अगदी तसंच दचक."
"दचकून झालं माझं," ती म्हणाली,
"धुक्यासकट ठेव, नाहीतर टाकून दे.
खोटं दचकले तर लोकांना नाही कळणार.
गिबीला कळेल."

मग कॅमेऱ्याकडे वळली:
"हा आवाज मांजराच्या घुरघुरीसारखा, असं मी
अकरा वर्षं सांगत आले, न ऐकता.
तसा नाही तो.
कसा आहे ते मला जमत नाहीये.
गिबी, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार, दाढी न केलेला नावाडी?
म्हटलं, लहानपणी मला वाटायचं
आत कुणी म्हातारी हातमशीनवर शिवत बसलीय
आणि दोरा तुटला की शिवी हासडतेय.

माझ्या बोलण्यात ती शिरली नाही.
'वा' नाही, 'किती छान' नाही.
भिंतीकडेच बघत
एक पाऊल बाजूला झाली,
चौकटीत तिचा खांदा तेवढा उरेल इतकी.

आणि एक आला समुद्रावरून,
वटवाघळासारखी गिरकी घेऊन
आमच्या टोप्यांवरून फटीत शिरला.
काच पुसली होती की नव्हती, देव जाणे.

नोव्हेंबरात कार्यक्रम लागला.
हॉलमध्ये सगळे जमलो, खुर्च्या कमी पडल्या.
ओसला, माझी बायको, म्हणाली, "म्हातारा दिसतोस."
नेरिस काय सुरेख बोलली, असं कुणीच म्हणालं नाही.
तिने घातलं काय होतं तेही कुणाला आठवेना.
दुकानवाली लीबी, जिच्या गल्ल्यावरून तो बुरूज
बासष्ट वर्षं रोज दिसतो,
ती मात्र बाहेर निघताना थांबली:
"गिबी, आत्ता असतील का रे ते आत?"

आत्ता कुठले, म्हटलं,
आफ्रिकेच्या टोकाला गेले. जूनमध्ये ये.

जूनमध्ये लीबी आली.
सोबत तिची बहीण, पोस्टमन,
शाळेतली अकरा पोरं, एक कुत्रा (त्याला परत पाठवलं).
एका रात्री दोन फेऱ्या, पुढच्या आठवड्यात तीन.
शेजाऱ्यांकडून भाडं मागायचं तरी कसं?

चांगली निवेदिका ओळखायची कशी, म्हणून विचारलंत.
निघून गेल्यावरही
माझं डिझेल जाळते, ती.